टोप घालून येळवस

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज साईटवर पुण्याहून खोकं भरून पिवळे टोप आले. आम्ही बांधतोय त्या बंडप्पा शेठच्या मंगल कार्यालयाच्या भूमिपूजनालाही एवढी माणसं जमली नव्हती. शेठ स्वतः दुकान सोडून आले. एक टोप उलटा धरून त्यांनी आत बघितलं आणि म्हणाले, "ह्यात दोन किलो ज्वारी सहज बसंल."

प्रत्येक टोपाच्या मागं काडेपेटीएवढी डबी आहे. तिच्यात सिमकार्ड. माणूस कुठं आहे, चालतोय का उभा आहे, उंचावरून पडला का, आडवा झाला का, हे सगळं ती डबी पुण्याला कळवते. तिथं एका खोलीत पोरी बसतात आणि पडद्यावर ठिपके बघतात. एक ठिपका म्हणजे एक माणूस. हे वर्षाराणी मॅडमनी समजावून सांगितलं. त्या यंत्राच्या कंपनीकडून आल्यात, नाशिककडच्या आहेत आणि उमरग्याला लॉजवर राहतात. वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण बोलणं ठाम.

सगळं झाल्यावर विरेशनं मला बाजूला घेतलं. ठेकेदारी आता तोच बघतो. त्याच्या वडिलांच्या हाताखाली मी मुकादम झालो, म्हणून मला काका म्हणतो. म्हणाला, "काका, तुम्ही घरचे, म्हणून आधीच सांगतो. संक्रांतीपर्यंत यंत्र चालवून बघायचं. हजेरी, देखरेख सगळं त्यानंच केलं, तर पुढच्या साईटला मुकादम ठेवायचा का न्हाय, ह्याचा विचार करावा लागंल."

मी म्हणालो, "बरोबर आहे."

बरोबरच आहे. पण नंतर डबा खाताना घास तोंडात फिरत राहिला.

संध्याकाळी पूजेला बसलो तेव्हा मनात आलं, गळ्यातलं लिंगसुद्धा लहानपणापासून मला बघतंच आहे. फरक एवढाच की ते पुण्याला कळवत नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

टोपाचं आणि घमेल्याचं जमेना. बायका डोक्यावर चुंबळ ठेवून त्यावर घमेलं घेतात. प्लास्टिकच्या टोपावर चुंबळ टिकत नाही. गजराबाईचं भरलेलं घमेलं सकाळी घसरलं ते थेट शिवलिंगच्या थापीवर. शिवलिंग आमचा मोठा गवंडी. तो कानडीत जे बोलला ते इथं लिहीत नाही.

गजराबाईनं मग टोप पोटाला पदरानं बांधला आणि कामाला लागली. थोड्याच वेळात मॅडम मोबाईल घेऊन पळत आल्या. "काका, सात नंबरच्या बाई कुठायत? त्या सकाळपासून एका कुशीवर पडल्यात! आणि पडल्या पडल्या जिना चढतायत!"

गजराबाई समोरूनच येत होती. म्हणाली, "पडली न्हाय ओ मॅडम. ह्यो टोप माझ्या पोटाला हाय. त्याला म्हणावं, बायकांचं काम उभं राहून असतं, आधी ते शिक."

मॅडमना राग येईल असं वाटलं होतं. पण त्या पायरीवर बसल्या आणि गजराबाईचं घमेलं स्वतःच्या डोक्यावर घेऊन बघितलं. रिकामंच होतं, तरी मान वाकडी झाली. घमेली वर न्यायला बारकी लिफ्ट पाहिजे, असं त्यांनी विरेशला तिथूनच फोनवर सांगितलं. मी इतकी वर्षं मागतोय. मॅडमनी सांगितल्यावर तो हो म्हणाला. यंत्राचा गुण म्हणायचा.

५ डिसेंबर, गुरुवार

आज यंत्रानं एक चांगलं काम केलं, ते लिहून ठेवतो.

मॅडमनी साईटचं चित्र दाखवलं. माणसं जिथून जास्त चालतात तिथं लाल रंग येतो. मिक्सरपासून फाटकापर्यंत रक्ताच्या शिरेसारखी एक जाड लाल रेघ. मॅडम म्हणाल्या, "इथं काय आहे?" मी म्हणालो, "पाण्याची टाकी." "मग ती मिक्सरजवळ का नाही?" मी विचार केला. ती फाटकाजवळ आहे, कारण पहिल्या दिवशी टँकरवाल्यानं तिथं उतरवली. दुसरं कारण नाही.

दुपारपर्यंत टाकी हलवली. रोज त्याच रेघेवरून मीही चालतो, आणि मला ती कधी दिसली नाही. मॅडमना तसं सांगितलं तर त्या लाजल्या. टाकीच्या नव्या जागेला मी नारळ फोडला.

घरी शिवकांताला हे कौतुकानं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "अहो, त्या यंत्राला तुम्ही जेवढं शिकवाल तेवढी तुमची गरज कमी. कळतंय का?"

मी म्हणालो, "पाणी जवळ आलं हे चांगलंच की."

"चांगलंच आहे. पाणी जवळ आलं आणि तुम्ही लांब चाललाव."

तिचं खोटं नाही. पण चांगलं दिसत असताना वाईट कसं म्हणू?

११ डिसेंबर, बुधवार

साईटवर दोन-तीन दिवस काहीतरी बिघडलंय. माणसं कामचुकार नाहीत, पण यंत्राशी नीट वागत नाहीत. कुणी टोप खुंटीला टांगून ठेवतं, कुणी दोघं आपसात बदलतात. मी सारखा सांगतोय, बाबांनो, यंत्राची परीक्षा चालू आहे, त्याला नापास करू नका. त्यावर शिवलिंग म्हणाला, "अण्णा, ते पास झालं तर नापास कोण हुतंय?" मी म्हणालो, "ते आपण बघायचं नाही." त्यानं कपाळाला हात लावला. हाताला सिमेंट होतं, ते कपाळाला लागलं. अगदी विभूतीसारखं दिसलं.

१४ डिसेंबर, शनिवार

पुण्याहून शिवलिंगला प्रमाणपत्र आलं. मोबाईलवरच आलं, पण रंगीत आणि फुलांची नक्षी असलेलं. आठवड्यातला सर्वांत कष्टाळू कामगार! दिवसभर क्षणाची विश्रांती नाही, वाळूच्या ढिगावर सतत चढउतार. विरेशनं ते सगळ्यांना पाठवलं.

मला आनंद झाला आणि कोडंही पडलं, कारण शिवलिंग आठवडाभर आतल्या भिंतीला गिलावा करत होता. वाळूच्या ढिगामागं जाऊन बघितलं तर शेजारच्या बानूबाईची शेळी. टोप तिच्या शिंगांत अडकवून पट्टा हनुवटीखाली नीट आवळलेला. शेळी माझ्याकडं बघून ओरडली.

मी लगेच मॅडमना सांगितलं. लपवलं असतं तर दिवसभर पूजेचं पाणी गोड लागलं नसतं. मॅडमनी पुण्याला फोन करून प्रमाणपत्र रद्द केलं. पुण्याच्या पोरीनं विचारलं म्हणे, मग शेळीचं नाव काय.

माणसं मात्र माझ्यावर फार रागावली. शिवलिंग तर ओरडलाच. "अण्णा, आयतं यंत्र खोटं पडत हुतं! कशाला सांगितलाव? तुमाला काय म्हणावं तेच कळंना!"

एका प्रमाणपत्रासाठी माणूस इतका हळवा होतो हे मला माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्याला खरं मिळेल अशी प्रार्थना केली.

२४ डिसेंबर, मंगळवार

मधे काही विशेष नाही. वरचा स्लॅब चांगला झाला. स्लॅबच्या पोटात मॅडमनी एक तार सोडलीय, काँक्रीट आतून किती तापलंय ते ती सांगते. आईनं लेकराच्या कपाळाला हात लावून बघावं तसं. मला ते आवडलं.

विरेश येऊन गेला. मला म्हणाला, "काका, आकडे चांगले येतायत." मी बरं म्हणालो. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "पुढची साईट येडशीला आहे. तिथलं संक्रांतीनंतर ठरवू." येडशीचं स्टेशन, रामलिंगाचं देऊळ, ते झाडीतलं वाहतं पाणी. तिथं काम करायला मिळालं असतं तर सोमवारचं दर्शन घडलं असतं. 'असतं' असं हातून लिहिलं गेलं. असो.

२८ डिसेंबर, शनिवार

परवा येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. विरेशनं सगळ्यांना पगारी सुट्टी दिली आणि बंडप्पा शेठनी सगळ्यांना आपल्या शेतात जेवायला बोलावलं. मॅडमनाही बोलावलं, पण त्या म्हणाल्या अहवाल लिहायचा आहे. त्यांना येळवस म्हणजे काय ते ठाऊक नाही. मी सांगितलं, त्या दिवशी आमच्याकडं गावात कुणी राहत नाही, सगळे रानात. त्या हसून म्हणाल्या, "सगळे म्हणजे किती टक्के?"

दुपारी माणसं वाळूमागं बराच वेळ जमली होती. तंबाखूसाठी असणार. मी टाकीजवळ होतो, गेलो नाही. थोड्या वेळानं शिवलिंग आला. टोप नीट डोक्यावर, पट्टा लावलेला. एकदम सरळ चेहऱ्यानं म्हणाला, "अण्णा, एक शंका हाय. पगारी सुट्टी म्हंजे त्या दिवशीची हजेरी लागती ना?"

"लागते."

"आन् फळ्यावर तुमीच लिवलंय, हजेरी चालू आसंपर्यंत टोप डोक्यावर. मग येळवशीला टोप घालायचं का न्हाय?"

मी चकित झालो. ज्या माणसानं टोप शेळीला घातला, तोच नियमाचा बारकावा विचारतोय. मी बराच विचार केला. नियमात सुट्टीचा अपवाद नाही. हजेरीचे पैसे घ्यायचे आणि नियम मोडायचा, हे बरं नव्हे. म्हणालो, "घालायचा."

"बगा बरं, तुमी म्हणताव म्हणून," असं म्हणून तो गेला. जाताना गजराबाईकडं बघून त्यानं मान हलवली. तिनं पदर तोंडाला लावला. दम्याचा त्रास असावा, हवा थंड आहे.

माणूस कधी सुधारेल सांगता येत नाही. महादेवाची कृपा.

३१ डिसेंबर, मंगळवार

काल झालं ते काल लिहायला हात धजला नाही.

सोमवती अमावस्या आणि येळवस एकाच दिवशी. पूजा आटोपून साईटवर गेलो तर ट्रॅक्टरची ट्रॉली तयार आणि अठराच्या अठरा माणसं टोप घालून बसलेली. इतकी शिस्त मी स्लॅबच्या दिवशीही बघितली नाही. आमच्या मुरुम गावच्या पेठेतून जाताना लोक दारात उभे राहून बघत होते. एकानं ओरडून विचारलं, "काय मुकादम, शेतात स्लॅब टाकायचाय व्हय?"

शेठचं रान गावापासून कोसभर. ज्वारी कमरेवर आलेली, हरभरा घाट्यांनी भरलेला, पलीकडं ऊस. कडब्याची झोपडीवजा कोप, तिच्यात चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव. शेठनी पूजा केली, आंबील शिंपडली. मग पानं मांडली. डाळी-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी, खीर, वर आंबील. शिवलिंग माझ्यापुढं वाकून कानडीत सारखा जेवा जेवा म्हणत होता, "ऊटा माडी अण्णा, ऊटा माडी," आणि पानात वाढत होता. गजराबाई म्हणाली, "अण्णा, तो फोन द्या हिकडं, वाकताना आंबिलीत पडंल." तिनं फोन घेऊन भाकरीच्या टोपल्यात फडक्याखाली जपून ठेवला. माझी इतकी काळजी घरचेही घेत नाहीत.

जेवणं झाली. ऊन कोवळं, पोट जड. कोपीच्या सावलीला सगळे ओळीनं आडवे झाले आणि डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून टोप तोंडावर घेतले. मी झोपणार नव्हतो. जपासाठी फक्त डोळे मिटले.

भोंग्यानं जाग आली. आधी वाटलं उसाची गाडी. पण उसाची गाडी असं रडत नाही. उठून बघतो तर बांधाच्या पलीकडं अँब्युलन्स, चाकं उसाच्या पाटात रुतलेली, आणि तिच्यातून उडी मारून वर्षाराणी मॅडम हरभऱ्यातून धावत येतायत. एका पायात चप्पल नाही. चेहरा चुन्यासारखा.

त्या कोपीपाशी आल्या आणि थबकल्या. समोर ओळीनं माणसं, तोंडावर पिवळे टोप, कुणी हलत नाही. मॅडमनी माणसांना नेहमी नंबरानं हाक मारलेली. एक नंबर, सात नंबर. काल त्या एकदम ओरडल्या, "गजराबाई! शिवलिंग! अहो, कुणीतरी उठा हो!"

गजराबाईनं टोप बाजूला केला. "आलाव का मॅडम? बसा, पान वाढते."

मॅडम तिथंच ढेकळात बसल्या आणि रडायला लागल्या.

मग सगळं कळलं. पुण्याच्या पोरींनी सकाळी बघितलं, माझा धरून एकोणीस ठिपके रांगेनं साईट सोडून निघाले. ट्रॅक्टरच्या वेगानं. मग एका रानात थांबले. मग थोड्या वेळानं सगळेच्या सगळे आडवे. हालचाल नाही. ट्रॉली उलटली, असं कुणालाही वाटलं असतं. त्यांनी मला फोन लावला, परत परत लावला. विरेशला लावला, तर तो त्याच्या रानात येळवस जेवून झोपलेला. शेठचा फोन दुकानात. मॅडम लॉजवर बिस्किटं खात होत्या, कारण उमरग्यात एकही खाणावळ उघडी नव्हती. त्यांनीच अँब्युलन्स बोलावली आणि तिच्यात बसून आल्या.

गजराबाई म्हणाली, "फोन वाजला आसंल बगा. मला वाटलं टोपल्यात बेडूक शिरलाय, म्हून वरून आजून एक फडकं टाकलं."

अँब्युलन्समधला डॉक्टर भला माणूस. इतक्या लांब आलोय तर बघूनच जातो, म्हणाला, आणि ओळीनं नाड्या बघितल्या. शिवलिंगच्या पोटावर हात ठेवून म्हणाला, "ह्याला जरा जास्त झालंय. बाकी सगळे जिवंत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टोप घालायला मीच सांगितलं. मी डॉक्टरला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, इकडं गाडी आली आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणाला लागली असती तर?" तो म्हणाला, "लागली न्हाय, काका. सुटलोत आपण." पण त्यानं 'आपण' म्हटलं तरी मला ते एकट्याला लागलं. आमच्या माणसांनाही ऐकू गेलं असावं. हसणं थांबलं. शिवलिंग तर खाली मान घालून गवताच्या काड्या मोडत बसला.

अठरा जणांनी मिळून अँब्युलन्स पाटातून ढकलून काढली. शेठनी डॉक्टर आणि ड्रायव्हरला जेवल्याशिवाय सोडलं नाही. गजराबाईनं मॅडमचे डोळे पदरानं पुसले, हरवलेली चप्पल शोधून आणली आणि त्यांना पहिला उंडा स्वतःच्या हातानं भरवला. मॅडम रडत रडत म्हणाल्या, "ह्यात काय घातलंय? किती छान लागतंय."

२ जानेवारी, गुरुवार

मला वाटत होतं पुण्याचे लोक चिडले असतील. उलटंच झालं. ते आनंदात आहेत. इतकी मोठी सूचना यंत्रानं आजवर कुठंच दिली नव्हती, आणि मदत जागेवर पोचली. यंत्र पास. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा माझी माणसं एकमेकांकडं बघत राहिली. शिवलिंगच्या हातातली थापी पडली. "पास?" तो म्हणाला. "त्यानं झोपल्यालं माणूस मेलं म्हणून सांगितलं, तरी पास?"

मी त्याची समजूत घातली. म्हणालो, यंत्राचं भलं झालं त्यात आपलंही भलं आहे. तो माझ्याकडं असं बघत होता, जणू मी त्याच्या घरात चोरी केली आणि वर पाणी मागतोय.

सोमवारी विरेश येणार आहे. चूक कुणाची ते विचारणार आणि पुढचंही सांगणार. शिवकांताला म्हणालो, बहुतेक मुकादमी गेली. नंतर मला वाढताना तिनं वाटीत तूप जरा जास्तच घातलं. त्यावरून मला जास्त भीती वाटली.

६ जानेवारी, सोमवार

आज उपवास धरला, त्या अँब्युलन्सपायी. साईटवर गेलो तर कळलं शिवलिंगनंही धरलाय. एका बैठकीला पाच भाकरी खाणारा माणूस! मी विचारलं, तू कशाला? म्हणाला, "आसंच. पोट जरा हिशोबात ठिवावं म्हणलं." गजराबाईनंही धरलेला. बाकीच्यांचे डबेही उघडले नाहीत. सोमवार पाळण्याची गोडी एकाएकी सगळ्या साईटला लागली. पाचा पांडवांचं दर्शन वाया जात नाही.

विरेश आला. नव्या हॉलमध्ये विटांवर बसलो. त्यानं विचारलं, "सुट्टीच्या दिवशी टोप घालायला कुणी सांगितलं?"

मी उभा राहिलो. "मी."

शिवलिंग माझ्यापुढं आला. "न्हाय. मी सांगितलं."

गजराबाई म्हणाली, "ह्या दोघांला काय इचारताव? म्या सांगितलं."

मग मागून एकेक जण उठायला लागला. मी, मी, मी. मला फार वाईट वाटलं. उपवासाच्या दिवशी इतकी माणसं माझ्यासाठी खोटं बोलतात, त्याचं पाप कुणाच्या खात्यावर? मी म्हणालो, "विरेश, ह्यांचं ऐकू नकोस. नियम मी लावला. शिवलिंगनं नुसती शंका विचारली होती."

"शिवलिंगनं शंका विचारली?" विरेशनं भुवया चढवल्या. "शेळीवाल्या शिवलिंगनं?" तो मॅडमकडं वळला. "मॅडम, येळवशीच्या आधीच्या शनिवारचं चित्र काढा."

मॅडमनी लॅपटॉप उघडला. मी त्यांच्या मागंच उभा होतो, मलाही दिसलं. वाळूच्या ढिगामागं अठरा ठिपके एका घोळक्यात, बराच वेळ. माझा ठिपका एकटाच टाकीजवळ. मग त्या घोळक्यातून एक ठिपका सुटला आणि सरळ माझ्याकडं आला. मॅडम ते बघत राहिल्या. मग त्यांनी शिवलिंगकडं बघितलं. तो पायाच्या अंगठ्यानं सिमेंट खरवडत होता. गजराबाईकडं बघितलं. तिनं टोप काढून पोटाशी धरला होता.

मॅडमनी लॅपटॉप मिटला.

"यंत्रात तसं काही दिसत नाही, सर."

मी पुढं होऊन सांगणार होतो, की ते तंबाखू खायला जमले होते, उगाच कुणाला संशय नको. पण मॅडमनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी गप्प बसलो. इतकं समोर दिसतंय आणि त्या म्हणतात काही दिसत नाही. यंत्र चांगलं, पण चित्र वाचायला अजून अनुभव पाहिजे. वय लहान आहे.

विरेशनं थोडा वेळ सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं. मिशीत काहीतरी लपवल्यासारखं केलं. म्हणाला, "बरं. यंत्र राहणार. पुण्याशी बोलणं झालंय, येडशीलाही हेच."

मग गजराबाई म्हणाली, "आन् अण्णा?"

मॅडम म्हणाल्या, "सर, त्याबद्दल पुण्याचं एक म्हणणं आहे. यंत्र एवढंच सांगतं की माणसं आडवी आहेत. झोपली का पडली, हे बघून सांगणारं कुणीतरी जागेवर लागतं. दर साईटला एक माणूस, कायमचा. त्यानं डोळ्यांनी बघून सांगितलं तरच पुण्याचे लोक सूचना बंद करणार. संध्याकाळी काम सुटल्यावरही त्यानं फोन करून सांगायचं, सगळे नीट गेले. आणि तो खोटं बोलणारा नको. शेळी असेल तर शेळीच सांगणारा पाहिजे."

विरेश हसायला लागला. इतका, की विटांवरून घसरला. "मॅडम, ही अट पुण्यानं घातली का तुम्ही पुण्याला सुचवली?"

"अहवालात लिहिली होती," मॅडम म्हणाल्या आणि लाल झाल्या.

"येळवशीच्या दिवशी लिहीत होताव तोच अहवाल?"

"नंतर थोडा बदलला."

विरेश माझ्याजवळ आला. "काका, येडशीला चलताव का? मुकादम म्हणूनच. फोन मात्र गजराबाईच्या हातात द्यायचा न्हाय."

गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. मग हो म्हणालो. मागं शिवलिंगनं असा हुंकार दिला की गिलाव्याच्या लाकडी घोड्यावरचं कबुतर उडालं.

घरी शिवकांताला सांगितलं. तिनं ऐकलं आणि विचारलं, "त्या पोरीला काय नेऊन द्यायचं? आपल्याकडं शेंगाच्या पोळ्या केल्यात."

७ जानेवारी, मंगळवार

आज पहिला फोन केला. काम सुटलं, हात-पाय धुवून झाले. मी फाटकाशी उभा राहून पुण्याला लावला. पोरीचा आवाज लहान होता. मी म्हणालो, "मुरुमहून मुकादम वीरभद्र बोलतोय. आजचं काम सुटलं. सगळे नीट आहेत."

"डोळ्यांनी बघितलं ना काका? सगळे?"

मी वळून बघितलं. रोज काम सुटलं की ही माणसं पाखरासारखी पांगतात. आज एकही गेला नव्हता. रस्त्याच्या कडेला अठराच्या अठरा उभे, डबे हातात, माझ्या तोंडाकडं बघत. गजराबाईनं तर टोपही काढला नव्हता. मॅडमही त्यांच्यात होत्या, त्यांची बस तर केव्हाच गेली होती.

मी म्हणालो, "हो बाळ, सगळे. समोरच आहेत."

ते का थांबले होते ते कळलं नाही. थंडी इतकी, आणि प्रत्येकाला घर आहे. उद्यापासून त्यांना वेळेवर निघायला सांगितलं पाहिजे. यंत्रात उगाच जादा काम दिसतं.